साडेपाच तासांनी मागे गेलेला वाघ

आरमोरी तालुक्यातल्या एका गावासाठी मी तयार केलेल्या तक्त्यात वाघ मध्यरात्रीच्या सुमारास नाला ओलांडत होता आणि पहाटेचे रकाने जवळजवळ रिकामे होते. प्रत्यक्षात वाघ पहाटेच जात होता. तक्ता ज्यांच्यासाठी होता ती माणसं मार्च-एप्रिलात उजाडायच्या आत टोपल्या घेऊन मोह वेचायला त्याच नाल्याच्या काठाने जात होती. चूक कॅमेऱ्याची नव्हती, फोटो निवडणाऱ्या मुलामुलींची तर नव्हतीच. चंद्रपूरच्या ऑफिसात पंख्याखाली बसून एका कमांडने ती मी केली होती.

संगणकाच्या धंद्यातल्या माणसांना यातलं बरंचसं ठाऊक असेल. पण चंद्रपूर-गडचिरोलीत वनहक्काची, वन्यजीवांची, आरोग्याची कामं करणारी अशी कितीतरी ऑफिसं आहेत, जिथे दोन विंडोजचे लॅपटॉप, एक जुना लिनक्सचा पीसी, चार-पाच मोबाइल आणि पिशवीभर मेमरी कार्डं यांवर सगळा कारभार चालतो, आणि 'कॉम्प्युटरचं बघणारा' एकच जण असतो. आमच्याकडे तो मी होतो. शिक्षण वनस्पतिशास्त्राचं, संगणक हौसेने शिकलेला. हौसेने शिकलेल्याला काय येत नाही हे त्याचं त्यालाही नीट माहीत नसतं, दुसऱ्याला तर नसतंच.

आमचं काम तसं साधं. ताडोबाच्या बाहेर, ब्रह्मपुरी वनविभागात वाघ आहेत. ते वैनगंगा ओलांडून वडसा-आरमोरीकडे येतात-जातात. वाघ कुठल्या वाटेने आणि कुठल्या वेळी जातो हे गावाला कळलं, तर मोह, तेंदू, सरपण यांच्या वेळा सांभाळता येतात. त्यासाठी परवानगी घेऊन नाल्यांच्या तोंडाशी आणि बैलबंडीच्या वाटांवर कॅमेरे बांधायचे. झाडाच्या बुंध्याला गुडघ्याएवढ्या उंचीवर एक हिरवट-करडी पेटी. समोरून उबदार अंगाचं काही गेलं की फोटो निघतो, दिवसा रंगीत, रात्री इन्फ्रारेडवर काळापांढरा. २०१८च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत असे कॅमेरे २६,८३८ ठिकाणी लागले आणि साडेतीन कोटींच्या आसपास फोटो निघाले. त्यापुढे आमचा पसारा म्हणजे काहीच नाही. पण आमच्या कामात वाघ कोण, नर की मादी, यापेक्षा वाघ किती वाजता, हाच प्रश्न मोठा होता.

आता घोटाळा कसा झाला ते सांगतो. कार्डं चंद्रपूरला यायची आणि मी ती लिनक्सच्या पीसीवर उतरवून घ्यायचो. तिथून ती बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि डिस्क एसटीने आरमोरीला. आरमोरीच्या खोलीत विंडोजचा लॅपटॉप. तिथे आमचे सहकारी एकेक फोटो उघडून चितळ, रानडुक्कर, अस्वल, गुराखी, मोटरसायकल अशी नोंद एक्सेलमध्ये करायचे.

लिनक्सचा तो पीसी मी बसवला तेव्हा त्याचा टाइमझोन यूटीसीवर ठेवला होता. यूटीसी म्हणजे ढोबळमानाने ग्रिनिचची वेळ. सर्व्हर नेहमी यूटीसीवर ठेवावा असं मी कुठेतरी वाचलं होतं, आणि ते खोटंही नाही. पण आमचा पीसी सर्व्हर नव्हता. तो मेमरी कार्डं वाचायचं यंत्र होता, आणि तिथे हा सल्ला आपल्या अंगावर येतो.

कारण कॅमेऱ्यातली आमची ३२ जीबीची कार्डं फॅट३२ पद्धतीची. ही पद्धत डॉसच्या काळातली. फाइल कधी लिहिली याची नोंद ती करते, पण कॅमेऱ्याच्या घड्याळात जे वाजले असतील तेवढेच लिहिते. पाच वाजले असतील तर ते पाच चंद्रपूरचे की लंडनचे, हे ती लिहीत नाही. लिहायला तिच्यात जागाच नाही. विंडोजच्या नव्या डिस्का (एनटीएफएस) आणि लिनक्स या दोघांची रीत वेगळी. विंडोज १ जानेवारी १६०१ पासून मोजतं, लिनक्स १ जानेवारी १९७० पासून, पण दोघंही वेळ साठवतात यूटीसीत आणि दाखवताना आपापल्या टाइमझोनप्रमाणे फिरवून दाखवतात.

आता पहाटे पाचला काढलेला एक फोटो घ्या. कार्डावर नोंद 'पाच'. माझ्या पीसीने ती वाचली आणि आपला टाइमझोन यूटीसी म्हणून ती 'यूटीसी पाच' धरली. डिस्कवर तीच गेली. आरमोरीच्या लॅपटॉपने ती घेतली, भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवले आणि फाइलसमोर तारखेच्या रकान्यात दाखवलं, सकाळचे साडेदहा. वाटेत कुणीही खोटं बोललं नव्हतं.

(साडेपाच तासांचा हा आकडा आपल्याकडे १ जानेवारी १९०६ पासून आहे. मुंबईला तो बरीच वर्षं पटला नाही; १९५५ पर्यंत तिथे 'मुंबई टाइम' ३९ मिनिटं मागे चालत होता. स्टेशनवर एक वेळ आणि बाहेर दुसरी, अशा शहरात राहिलेल्या लोकांबद्दल मला आता फार आपुलकी वाटते.)

आरमोरीहून फोन आला, "सर, फाइलची वेळ वेगळी दिसते, फोटोतली वेगळी." मी विचारलं, किती फरक? उत्तर आलं, साडेपाच तास. इथे मी खूश झालो. साडेपाच तास म्हणजे टाइमझोन, म्हणजे कारण सापडलं, म्हणजे वजाबाकी करायची आणि मोकळं व्हायचं. आजार ओळखला होता बरोबर, पण औषध दिलं ते भलत्याच अवयवाला.

फोटोला दोन वेळा असतात. एक फाइलची, जी संगणकाची फाइल-व्यवस्था बाहेरून लावते. दुसरी फोटोच्या आत कॅमेऱ्याने स्वतः लिहिलेली; आतल्या अशा नोंदींना एक्झिफ म्हणतात. पाकिटावरचा टपालाचा शिक्का आणि आतल्या पत्रावर लिहिणाऱ्याने घातलेली तारीख, असं ते नातं आहे. फाइल या यंत्रावरून त्या यंत्रावर गेली की शिक्के बदलू शकतात. पत्रावरच्या तारखेला कुणी हात लावत नाही. आमची आतली वेळ शाबूत होती, पहाटे पाच म्हणजे पाचच. बिघडलं होतं ते फक्त बाहेरचं, आणि आमच्या कामात त्या बाहेरच्या वेळेला काडीची किंमत नव्हती. तिच्याकडे दुर्लक्ष केलं असतं तरी चाललं असतं.

मी मात्र एक्झिफटूल घेतलं. हा फुकट मिळणारा आणि फार उत्तम प्रोग्राम आहे. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यात 'ऑलडेट्स' नावाचा एक शॉर्टकट आहे. नाव वाचून मला वाटलं, यात सगळ्या तारखा आल्या. माहितीपत्रक उघडलं असतं तर दिसलं असतं की तो फोटोच्या आतल्या तीन तारखांना लागू होतो आणि फाइलची बाहेरची तारीख त्यात येतच नाही. मी 'ऑलडेट्स'मधून साडेपाच तास वजा करा अशी आज्ञा अख्ख्या फोल्डरला दिली. जे बरोबर होतं ते साडेपाच तास मागे गेलं. जे चुकीचं होतं त्याला वजाबाकी शिवलीच नाही; फाइल नव्याने लिहिली गेल्यामुळे तिथे फक्त आजची तारीख आली.

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं, कारण हा प्रोग्राम बदल करण्याआधी मूळ फाइलची प्रत आपणहून बाजूला ठेवतो. पण त्या प्रतींनी डिस्क भरत होती, म्हणून मी मूळ फाइलवरच लिही असा पर्याय जोडला होता. आणि कार्डं? ती आधीच फॉरमॅट होऊन परत जंगलात गेली होती.

त्यात दुपारी लाइट गेली. इन्व्हर्टरने थोडा वेळ तग धरला आणि मान टाकली. लाइट आल्यावर काम कुठपर्यंत झालं होतं ते मी बघितलं नाही. तीच आज्ञा पुन्हा पहिल्यापासून दिली. फाइल कॉपी करताना असं चालतं, झालेली कॉपी पुन्हा झाली तर बिघडत काही नाही. वजाबाकीचं तसं नाही. सुरुवातीच्या फोल्डरांतून साडेपाच तास दोनदा गेले, म्हणजे अकरा तास. नंतरच्यांतून एकदा. सीमारेषा कुठे होती, हे कुणालाच माहीत नव्हतं.

शेवटी फाइलची बाहेरची तारीख आतल्या तारखेप्रमाणे करून घेतली. मग तपासणी. दहा-वीस फोटो उघडले. आतली आणि बाहेरची वेळ तंतोतंत जुळत होती. जुळणारच, एकीवरून दुसरी मीच काढली होती. 'झालं दुरुस्त' असं आरमोरीला कळवून टाकलं.

तक्ता त्या आतल्या तारखांवरून निघाला, आपोआप. वेळ हाताने भरायची नव्हती म्हणून कुणी वाचलीही नाही. खुणा मात्र दिसत होत्या, आणि त्यांचाच मला आज जास्त राग येतो. संध्याकाळी साडेसहाला गेलेला वाघ तक्त्यात दुपारी एकला आला होता. मी म्हटलं, उन्हं तापायला लागलीत, दुपारी पाण्यावर येत असेल. ताडोबात उन्हाळ्यात भर दुपारी पाणवठ्यावर वाघ दिसतो हे सगळ्यांनाच माहीत आहे. दुपारी एकचा फोटो काळापांढरा होता, म्हणजे इन्फ्रारेडवर निघाला होता. मी म्हटलं, बांबूची दाट सावली, कॅमेऱ्याला अंधार वाटला असेल. दुपारी अडीचला सायाळ होती. सायाळ, जी सूर्य बुडाल्याशिवाय बिळाबाहेर नाक काढत नाही! तिचं मी काय स्पष्टीकरण दिलं होतं ते आता आठवत नाही, पण दिलं असणार.

तक्ता घेऊन आम्ही गावात गेलो. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बैठक होती, पंधरावीस बाया, थोडे बाप्ये, मुलं. मी कागद भिंतीला लावला आणि बोट ठेवून सांगितलं, इथे बघा, मध्यरात्री हालचाल जास्त, पहाटे चार ते सात जवळपास काही नाही. तेव्हा पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "साहेब, आमी पहाटे मोह्याले जातो तवा वाघाचे पंजे ताजे राहतेत. तुमचा कागद तं म्हनते का पहाटे कोनीच नाई."

मी तिला म्हटलं, मावशी, पंजे रात्रीचे असतील, कॅमेरा खोटं बोलत नाही. हे वाक्य मी बोललो होतो, म्हणून इथे लिहायला हवं.

आणि पुरावा दाखवायला लॅपटॉप उघडला. नाल्याच्या वाळूवरून जाणारा वाघ, काळापांढरा, मान खाली घातलेली. बायांनी वाघाकडे पाहिलं. आमचा कॅमेरे बांधणारा भाऊ, जो त्या जंगलात लहानाचा मोठा झाला, त्याने फोटोच्या खाली पाहिलं. अशा कॅमेऱ्यांत फोटोच्या तळाशी एक काळी पट्टी उमटते. तिच्यात तापमान, चंद्राची कला, तारीख आणि वेळ छापलेली असते. "सर," तो हळूच म्हणाला, "खाली तं ०५:१२ लिहून आहे." वरच्या चौकटीत, प्रोग्रामने वाचलेली वेळ होती आदल्या दिवशीची २३:४२.

ती पट्टी फोटोच्या चित्रातच असते. कोणत्याही संगणकाला, कोणत्याही टाइमझोनला आणि माझ्या कोणत्याही आज्ञेला तिला हात लावता येत नाही. आरमोरीहून आलेल्या पहिल्या फोनमध्ये 'फोटोतली वेळ वेगळी' असं म्हटलं होतं ते तिच्याबद्दलच. ती बरोबर आहे हे धरून मी कामाला लागलो होतो आणि पुढे तिच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

कागद मी तिथेच काढला आणि तो चुकला आहे असं सांगितलं. म्हातारी काही बोलली नाही. चहा आला, तो प्यालो.

दुरुस्तीला फार वेळ गेला. नुसते साडेपाच तास परत मिळवून भागत नव्हतं, कारण काही फोटो अकरा तास मागे होते. प्रत्येक कार्डाच्या फोल्डरातला पहिला, मधला आणि शेवटचा फोटो उघडून पट्टीवरची वेळ हाताने उतरवायची, आतल्या वेळेशी ताडायची, फरक तिन्ही ठिकाणी सारखा आला तर तो फोल्डर एकगठ्ठा दुरुस्त करायचा. एका फोल्डरात फरक मध्येच बदलला. लाइट गेली ती तिथे. तो फोल्डर एकेक फोटो पाहून केला. ताळा म्हणून एक गोष्ट फार उपयोगी पडली: उजेड. जानेवारी-फेब्रुवारीत आमच्याकडे सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो. कॅमेरा इन्फ्रारेडवरून रंगीतवर कधी येतो ते पाहिलं की वेळ अर्ध्या तासाच्या आत बरोबर आहे का ते कळतं. याला कोणतंही सॉफ्टवेअर लागत नाही, आणि मी हे पहिल्याच दिवशी करू शकलो असतो.

ही माझी पहिली चूक नव्हती. आधीच्या दोन छोट्या होत्या, त्यांतल्या एकीला छोटी म्हणणं बरोबर नाही.

खरोखर छोटी ती अशी. मी रोज रात्री आरसिंक नावाच्या प्रोग्रामने ऑफिसच्या फाइलींची प्रत एका फॅट३२ पेन ड्राइव्हवर घ्यायचो. आरसिंक फाइलचा आकार आणि वेळ पाहतो. दोन्ही जुळले तर ती सोडून देतो. पण दर रात्री निम्म्या फाइली नव्याने कॉपी व्हायच्या, त्याच त्या. मी पेन ड्राइव्ह खराब म्हणून बदलला, मग केबल, मग दुकानदाराशी वाद घातला. कारण फॅटच्या रचनेत होतं. फॅट सेकंदांसाठी पाचच बिट ठेवतो. पाच बिटांत बत्तीस आकडे मावतात आणि मिनिटाला सेकंद साठ. म्हणून तो दोन-दोन सेकंदांच्या पायऱ्यांनी लिहितो, विषम सेकंद मावतच नाही. ज्या फाइलींची वेळ विषम सेकंदावर होती त्या आरसिंकला रोज बदललेल्या वाटायच्या, आणि विषम सेकंद निम्मेच असतात. आरसिंकला 'मॉडिफाय-विंडो' एक सेकंदाची दिली, प्रश्न मिटला. विंडोजच्या रोबोकॉपीत याच कामाला 'एफएफटी' नावाचा पर्याय आहे. दुकानदाराकडे पुन्हा गेलो नाही. जायला हवं होतं.

दुसरी चूक माणसाशी झाली. आरमोरीच्या लॅपटॉपवर मी विंडोजच्या जोडीला लिनक्सही टाकलं होतं, सुरू करताना निवडायचं. संगणकाच्या मदरबोर्डवर एक छोटं घड्याळ असतं, बटन-सेलवर चालणारं. विंडोज समजतं की त्यात स्थानिक वेळ आहे; लिनक्स समजतं की यूटीसी. दोघं एका घरात राहिले की आळीपाळीने घड्याळ आपल्या समजुतीप्रमाणे लावतात. चंद्रपूरला हे कधी दिसलं नाही, कारण इंटरनेट मिळताच दोघंही वेळ जाळ्यावरून दुरुस्त करून घेतात. आरमोरीच्या त्या खोलीत तेव्हा इंटरनेट नव्हतं. मी लिनक्स वापरून लॅपटॉप परत पाठवला, तिथे विंडोज सुरू झालं आणि साडेपाच तास मागचं घड्याळ घेऊन बसलं.

आमची एक सहकारी, कुरखेडा तालुक्यातली मुलगी, दिवसभर बसून अस्वलं आणि रानकुत्र्यांच्या नोंदी भरत होती. दुपारी चारला तिने फाइल सेव्ह केली. लॅपटॉपने नोंद केली सकाळी साडेदहाची. त्याच दिवशी बाराच्या सुमारास मी चंद्रपूरला माझी प्रत उघडून एक रकाना रुंद केला आणि सेव्ह केली. लॅपटॉप आला तेव्हा मी 'जी नवी ती ठेव' असा पर्याय लावून दोन्हीकडून सिंक केलं. बाराची फाइल साडेदहाच्या फाइलपेक्षा नवी. तिच्या दिवसभराच्या कामावर माझा रुंद रकाना चढला.

तिला विचारलं तर म्हणाली, "सर, काल तं सगळं भरून ठेवलं होतं ना मी." मी म्हटलं, सेव्ह करायला विसरली असशील, होतं असं. तिने वाद घातला नाही, पुन्हा भरून दिलं. घड्याळाची भानगड मला कळली ती बरीच नंतर, पुन्हा एकदा असंच झालं तेव्हा. माफी मागितली. ती म्हणाली, "ठीक आहे सर." उपाय एका ओळीचा होता: विंडोजच्या रजिस्ट्रीत एक नोंद करून त्यालाही मदरबोर्डचं घड्याळ यूटीसी मानायला लावायचं, किंवा लिनक्सला स्थानिक वेळ मानायला सांगायचं. आम्ही पुढे लॅपटॉपवरून लिनक्सच काढून टाकलं. हौस माझी होती, त्यांना त्याचा उपयोग नव्हता.

त्याच गोतावळ्यातला जीपीएस. तो कायम यूटीसीतच बोलतो. लेखा-मेंढा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले तेव्हापासून गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभांनी हातात जीपीएस घेऊन आपल्या जंगलाच्या हद्दी चालून मोजल्या आहेत. अशा फेरीतले फोटो नंतर वाटेच्या नोंदीशी जोडताना साडेपाच तास मिळवायचे की वजा करायचे यात गफलत झाली, तर सकाळच्या टेकडीवरचा दगड नकाशात भलत्याच नाल्यात जाऊन बसतो. हे आमच्याकडे झालं, पण दोन्ही जागा ओळखणारी माणसं सोबत होती म्हणून लगेच सापडलं.

मोबाइलचा त्रास वेगळा. केबल लावून फोटो उतरवले की पुष्कळदा फाइलला उतरवल्याची तारीख लागते. आणि व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या फोटोच्या आत तर तारीख उरतच नाही. २०२१च्या ऑक्टोबरात छत्तीसगडकडून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत आला; तुडवलेल्या धानाचे फोटो लोक व्हॉट्सअॅपवरच पाठवतात. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर तारीख शाबूत राहते. गावातल्या पोरांना हे एकदा दाखवून दिलं की ती विसरत नाहीत.

आता आमच्याकडे पीसीचा टाइमझोन भारताचा आहे. कार्ड आलं की आधी ते जसंच्या तसं एका डिस्कवर उतरतं आणि ती डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडली जाते. जे काही फेरफार करायचे ते दुसऱ्या प्रतीवर. कार्ड फॉरमॅट करायची परवानगी दुसऱ्या माणसाने ताडून पाहिल्याशिवाय मिळत नाही, आणि तो दुसरा माणूस मी नसतो. फाइल बदलली का हे पाहायला वेळेवर भिस्त नाही, फाइलच्या आतल्या मजकुरावरून चेकसम काढतो. सावकाश होतं, होऊ दे. कॅमेरा झाडाला बांधला की बांधणारा माणूस मोबाइलचं घड्याळ त्याच्यासमोर धरतो आणि पहिला फोटो त्या घड्याळाचा काढतो. कार्ड काढताना शेवटचा फोटोही तसाच. ही युक्ती माझी नाही, जगभर कॅमेरे लावणारे लोक ती करतात. मला ती चूक झाल्यावर कळली.

दुरुस्त तक्ता पुढच्या बैठकीत गेला. त्यात पहाटे साडेचार ते साडेसहाचे रकाने सर्वांत भरलेले आहेत. गावाने त्यावरून ठरवलं ते एवढंच की नाल्याच्या बाजूला उजाडल्याशिवाय आणि एकट्याने जायचं नाही. त्या म्हातारीने सांगितलं की एकट्याने तर त्या आधीपासूनच जात नव्हत्या.

काही कार्डांचा छडा अजून लागलेला नाही. दोन कॅमेऱ्यांत पट्टी छापायची सोय बंद करून ठेवलेली होती. एकाची बॅटरी मध्येच संपली आणि नवी घातल्यावर त्याचं घड्याळ कारखान्यातून निघतानाच्या तारखेवर, भलत्याच वर्षाच्या १ जानेवारीला गेलं. त्या फोटोंत वाघ आहे, बिबट आहे, पिलांसह अस्वल आहे, पण ते किती वाजता गेले हे सांगता येत नाही. आमच्या वहीत त्यांच्यापुढे वेळेचा रकाना कोरा आहे. माझ्या जागेवर पुढे जो कुणी येईल त्याला एवढीच विनंती आहे की तो रकाना अंदाजाने भरू नये.